चालत्या माणसाचे हृदय : प्रस्तावना

रक्तदाब वाढलेला माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा दुसऱ्याच कामासाठी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी असते, विम्याचा फॉर्म असतो, गुडघा दुखत असतो, नाहीतर बायकोच्या सोबतीला आलेला असतो आणि तीच म्हणते, "आलोच आहोत तर ह्यांचंही प्रेशर बघून टाका." पट्टा दंडाला बांधला जातो, हवा भरली जाते, हळूहळू सोडली जाते आणि आकडा निघतो १६४ वर १०२. त्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य येते : "पण डॉक्टर, मला तर काहीच होत नाही!"

ते खरेच सांगत असतात. दुखत नाही, खुपत नाही, भूक-झोप शाबूत असते. डोके दुखले की प्रेशर वाढले असेल, चक्कर आली की उतरले असेल, असे आडाखे लोक बांधतात. पण वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब बहुतेकदा कसलीच चाहूल देत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी रोज काही करायला माणूस सहसा राजी नसतो. गोळी महिन्याभरात सुटते, चालणे त्याच्याही आधी. हे पुस्तक लिहायला घेतले ते या अडचणीमुळे. उपाय भरपूर आहेत, स्वस्त आहेत, पारखून घेतलेले आहेत. कमी पडतो तो नेम. व्यायाम हृदयाच्या कामी येतो तो जोरामुळे कमी आणि नेमामुळे जास्त, हे या पुस्तकाचे सार आहे.

आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि बसल्या जागी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब देते तो रक्तदाब. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैलावतानाचा. दोन्ही मोजायचे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त दाब पुन्हा पुन्हा आढळला की आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा १३० वर ८० अशी खाली आणली. रेषा कुठेही ओढली तरी धोका तिथे अचानक सुरू होत नाही. चाळिशी ते सत्तरीच्या माणसांत ११५ वर ७५ पासून पुढे, वरचा आकडा दर २० नी किंवा खालचा दर १० नी वाढला की हृदयविकाराने वा पक्षाघाताने मरण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असे लाखो माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये दाखवले गेले.

या दाबाविरुद्ध रोज लाखभर वेळा रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. दंडाचा स्नायू जाड झाला तर आपण खूश होतो. इथे मात्र जाड झालेली भिंत ताठरते, सैल पडून रक्त भरून घेणे तिला जड जाते आणि तिची स्वतःची रक्ताची गरज वाढते. त्याच काळात तिला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे अस्तर खराब होऊन आत चरबीचे थर बसत असतात. मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचीही हीच गत होते. हे सगळे बिनबोभाट चालते.

रक्तदाबाची आजची सोपी मोजणी माणसाच्या हाती यायला पावणेदोनशे वर्षे लागली. इंग्लंडमधील धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त तिच्यात आठ फुटांहून उंच चढले. ते निरीक्षण १७३३ मध्ये छापून आले. इटलीच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाचा पट्टा आणि पाऱ्याची नळी आणली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून कोणते आवाज ऐकायचे ते सांगितले. मोजता आले म्हणून लगेच समजले, असे मात्र झाले नाही. वाढलेला दाब ही शरीराने स्वतःच केलेली तडजोड असावी, तिला हात लावू नये, असे मानणारे डॉक्टर पुढेही बरेच होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६ वर १०८ होता. जगातील सर्वांत बलाढ्य माणसावर करण्याजोगे उपाय होते ते विश्रांती, कमी मीठ, झोपेचे औषध आणि डिजिटॅलिस हे हृदयाचे जुने औषध एवढेच. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा होता ३०० वर १९०.

गुणकारी गोळ्यांच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांच्या जुन्या परिचयाची. तिचा रक्तदाबावर परिणाम होतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांना पद्धतशीर देऊन, नोंदी ठेवून, १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष १९६७ मध्ये आले. खूप वाढलेल्या रक्तदाबावर गोळ्या दिल्या तर माणसे वाचतात, हे या चाचणीने निर्विवाद दाखवून दिले. तिच्यात वापरलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिनच होते. औषध न मिळालेल्या ७० जणांपैकी २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला. औषध मिळालेल्या ७३ जणांत असे फक्त दोघे होते. गोळ्यांना नाके मुरडणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

औषधांची वाट सापडत होती तेव्हाही एक समजूत घट्ट होती : हृदयाला जपायचे म्हणजे हलू द्यायचे नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला काही आठवडे बिछान्यावर पडून राहायला लावत. बॉस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवले आणि त्याचे चांगले परिणाम १९५२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी लंडनहून जो शोध आला त्याने सगळा विचारच फिरवला.

तो शोध जेरी मॉरिस यांचा. हृदयविकार इतका का वाढतो आहे, त्याचा माणसाच्या कामाशी काही संबंध आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरची माणसे निवडली. एकाच बसवर दोघे काम करतात, पगार, वस्ती, राहणी जवळपास सारखी. ड्रायव्हर पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून असतो. कंडक्टर दिवसभर खालून वर, वरून खाली करतो. मॉरिस यांच्या माणसांनी मोजून पाहिले तर कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत होता. मुंबईकरांना डबलडेकरचा तो अरुंद जिना ओळखीचा आहे, फक्त बेस्टच्या गाडीत दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत. लंडनमध्ये दोन्ही मजल्यांची तिकिटे एकाच माणसाला फाडायची होती. वाहतूक खात्यातील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या गेल्या. हजारी ड्रायव्हरांत वर्षाला २.७ जणांना हृदयधमन्यांचा विकार होत होता, हजारी कंडक्टरांत १.९ जणांना. शिवाय कंडक्टरला झटका आला तरी त्यातून तो वाचण्याची शक्यता जास्त होती. टपालखात्यातही तोच कल दिसला : पायी आणि सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

यावर एक रास्त शंका निघाली. मुळात अंगाने सडपातळ माणूसच कंडक्टर होत असेल, तर श्रेय पायऱ्यांचे कशावरून? ती मॉरिस यांनी स्वतःच उचलून धरली आणि थेट गणवेशांच्या मापांकडे गेले. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत जास्त रुंद होत्या, आणि हा फरक नोकरीला लागतानाच थोडाफार होता. पण कमरेची मापे जुळवून तुलना केली तरी कंडक्टरांची सरशी राहिली. पुढे १९७३ मध्ये त्यांनी टेबलाशी काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची पाहणी केली. फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. २००९ मध्ये ते गेले तोवर व्यायाम आणि हृदय यांचा संबंध जगभर शाळकरी मुलांनाही माहीत झाला होता.

या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. तो कंडक्टर व्यायाम करत नव्हता. त्याने संकल्प सोडला नव्हता, बूट विकत घेतले नव्हते, वजन मोजले नव्हते. पायऱ्या त्याच्या कामाचाच भाग होत्या, म्हणून कंटाळा आला, पाऊस आला, भांडण झाले तरी त्या चढल्या जायच्या. आपल्या आजी-आजोबांच्या दिवसातही अशा पायऱ्या होत्या : विहीर, जाते, शेत, बाजारचा रस्ता, स्टेशनपर्यंतची पायपीट. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांनी अनेकांची शरीरे झिजवलीही. पण हालचाल तेव्हा ठरवावी लागत नसे. आता ती ठरवावी लागते.

शरीरात नेमके काय घडते? भरभर चालू लागलो की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्त मागतात. हृदयाचे ठोके वाढतात, वरचा आकडा चढतो. १३० चा १६० सहज होतो. याच वेळी काम करणाऱ्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचा आकडा फारसा हलत नाही. वेगाने वाहणारे रक्त धमनीच्या आतल्या नाजूक अस्तरावर घासले जाते आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. त्याने धमनीचा स्नायू सैल पडतो. हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. चालणे थांबल्यावर रक्तदाब मूळ पातळीच्याही खाली उतरतो आणि काही तास, कधी जवळपास दिवसभर, तसाच राहतो. उद्या पुन्हा चाललो तर ही उतरण पुढे सरकते. काही आठवड्यांत मज्जासंस्थेचा ताण उतरतो, धमन्या लवचीक होतात, विश्रांतीतले ठोकेही मंदावतात. म्हणूनच रक्तदाबापुरते पाहिले तर रविवारच्या तीन तासांच्या ट्रेकपेक्षा रोजचा अर्धा तास जास्त कामाचा.

रक्तदाब वाढलेल्या माणसाने नियमित दमश्वासाचा व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ नी उतरतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण वरचा आकडा नुसता ५ नी उतरला तरी हृदयविकार, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग दहा टक्क्यांनी कमी होतात, असे औषधांच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये दाखवले गेले. त्यात मीठ कमी केल्याचा फायदा मिळवा, एकेक किलो वजन उतरल्याचा मिळवा. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी आणि वरून घेतलेली चिमूट धरली तर आपण ती दुपारच्या जेवणातच गाठतो.

व्यायामाची मात्राही ठरलेली आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जेवणानंतरची शतपावली चांगलीच सवय, पण तिची गणती यात होत नाही. मुरलेल्या पायांना सूर्यनमस्कार, सायकल, पोहणे, टेकडी, काहीही चालेल.

पथ्येही आहेत आणि ती या पुस्तकात मी ठळक केली आहेत. दाब १८० वर ११० च्या घरात असेल तर आधी औषधाने तो उतरवा, मग व्यायाम वाढवा. चढ चढताना छातीत आवळल्यासारखे होत असेल, दम विचित्र लागत असेल तर आधी तपासणी. श्वास कोंडून जड वजन उचलू नका. त्या क्षणी दाब भलताच उसळतो. प्राणायामातला दीर्घ कुंभक आणि शीर्षासन दाब आटोक्यात येईपर्यंत बाजूला ठेवा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : चालून गुडघा दुखला म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर त्यांपैकी बऱ्याच गोळ्या रक्तदाब वाढवतात. चालून मिळवलेले असे घालवू नका.

तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला : व्यायाम सुरू केला, मग गोळी कशाला? काहींची गोळी पुढे कमी होते, क्वचित सुटतेही. पण ती डॉक्टरांनी, आकडे बघून. चालणे आणि गोळी एकमेकींच्या सवती नाहीत. दुसरा : अमुक माणूस जिममध्येच कोसळला. अशी बातमी आली की महिनाभर बागा ओस पडतात. जोरदार श्रमाच्या वेळी धोका थोडा वाढतो हे खरे आहे आणि न सरावलेल्या माणसात तो बराच वाढतो. पण अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या पाहणीत, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नियमित जोमदार व्यायाम करणाऱ्या पुरुषांत हृदय अचानक बंद पडण्याचा एकूण धोका बैठ्या पुरुषांच्या ४० टक्केच निघाला. म्हणजे बातमीचा खरा अर्थ हळूहळू सुरुवात करा हा आहे, करूच नका हा नाही.

तिसरा आक्षेप बायकांचा आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. "दिवसभर उभीच असते हो, बसायला मिळतंय कुठे?" ओट्याशी उभे राहून पाय सुजतात, कंबर धरते, पण दम लागत नाही, थकवा येतो आणि हृदयाला हवा तो व्यायाम घडत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. हा फरक आळसाने पडलेला नाही. सकाळचा डबा कोण करते, अंधार पडल्यावर रस्त्यावर कोण निर्धास्त चालू शकते, पायजमा-बूट घालून निघाले तर गावात कोण काय बोलेल, यांतून तो पडला आहे. 'वेळ काढा' हा सल्ला तिला एकटीला देऊन भागत नाही. तो नवऱ्याला, सासूला, मुलांना आणि फुटपाथ पार्किंगला देणाऱ्या नगरपालिकेलाही द्यावा लागतो.

नेम जवळच्या सोयीने टिकतो, याचा पुरावा आपल्या राज्यातच आहे. २०१७ च्या अखेरीस घोषित झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यातली सूत्रे साधी आहेत : सगळ्यांचा दाब मोजा, ठरावीक चांगली औषधे घराजवळच्या केंद्रात कायम ठेवा, जो आला नाही त्याची चौकशी करा. गोळीला जे लागते तेच चालण्याला लागते : जवळची जागा, ठरलेली वेळ, आणि आला नाही तर विचारणारे कुणीतरी.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. पहिल्या भागात रक्तदाब घरी कसा मोजायचा ते आहे : पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर, लघवीला जाऊन आल्यावर, आणि मोजताना न बोलता. जिना चढून आल्या आल्या शर्टाच्या बाहीवर पट्टा बांधून, फोनवर बोलत घेतलेला आकडा ना घाबरण्याच्या कामाचा ना निर्धास्त होण्याच्या. दुसऱ्या भागात हृदय आणि धमन्यांचे काम, तिसऱ्यात वय, वजन, मधुमेह, गुडघे आणि चालू औषधे लक्षात घेऊन आखलेले व्यायाम, चौथ्यात झटका येऊन गेलेल्यांनी पुन्हा कसे उभे राहायचे त्याची माहिती आहे. हे पुस्तक डॉक्टरांच्या जागी वापरू नये. डॉक्टरांपुढे बसताना हाताशी असावे.

वाचकहो, प्रस्तावना इथे संपवते. पुढचे प्रकरण वाचण्याआधी दोन गोष्टी करा. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब या आठवड्यात मोजून तारखेसह वहीत लिहा. आणि रोजच्या दिवसातली एक अर्ध्या तासाची वाट, कामावर जाण्याची, भाजी आणण्याची, मुलाला क्लासला सोडण्याची, कायमची पायी ठरवून टाका. मग हे पुस्तक सावकाश वाचले तरी चालेल.